मागच्या भिंतीजवळचे शंख

मिस अर्नेस्टीन मझीक यांनी सप्टेंबरातच बजावलं होतं, की मागच्या भिंतीजवळच्या शंख-शिंपल्यांना हात लावायचा नाही. ऑल मर्सीज चर्चच्या आवारात, ओकच्या बुंध्याशी टाकलेल्या बाकावर बसून, काठीचं टोक त्या कोपऱ्याकडे रोखून त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, या बागेत तुला काय उपटायचं ते उपट, छाटायचं ते छाट. पण तिथलं काही हलवू नकोस. आहे तसं राहू दे."

"हो, मिस अर्नेस्टीन," असं नेरिसा म्हणाली, आणि या कानाने ऐकून त्या कानाने तिने ते सोडून दिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना सगळ्याच गोष्टींबद्दल काही ना काही बजावायचं असतं. आदल्या आठवड्यात त्यांनी थडग्यांकडे बोट करायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्या आधी शिट्टी वाजवायची नाही म्हणून. नेरिसा राज्याच्या वरच्या भागातली, ग्रीनव्हिलची. समुद्रापासून दोनशे मैलांवर वाढलेली, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली. लग्न होऊन चार्ल्स्टनला येऊन तिला चार वर्षं झाली होती, तरी इथल्या लोकांच्या लेखी ती 'बाहेरून आलेली'च होती. इथे आजोबा जन्मले असतील तर माणूस इथला. तेही बहुतेक.

शिवाय तिच्या कडेवर तिची लेक ओपल होती. अडीच वर्षांची ओपल जग तोंडाने तपासायची.

शहरातले आणि बाहेरचे लोक ऑल मर्सीजच्या आवारात फिरायला यायचे, ते त्या रानटी सौंदर्यासाठी. ही बाग मुद्दामच थोडी मोकाट सोडलेली. थडग्यांच्या कललेल्या शिळांवर जाई चढलेली, वाटेवर कॅमेलियाच्या पाकळ्यांचा चिखल झालेला, ओकच्या फांद्यांवरून करडं शेवाळ दाढीसारखं लोंबणारं. लोक हळू चालायचे, हळू बोलायचे, शिळेवरचं नाव वाचायला वाकायचे. नेरिसाला मात्र दुसरीच बाग दिसायची. फाटकाजवळची कण्हेर, जिची चार पानं पोटात गेली तरी लेकरू हातचं जायचं. तीन शिळांच्या खाचांत साचलेलं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. जाईच्या दाटीत सापाला पुरेल एवढी सावली. ती दर मंगळवारी आणि शनिवारी इथे बागकामाला यायची ती आवडीने, पण घरी जाताना तिचा जीव अर्धा झालेला असायचा.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ओपलने मागच्या कोपऱ्यातला एक मोठा शंख उचलून तोंडाला लावला, आणि त्याच्या पोकळीतून एक काळी, चकचकीत, पोटावर लाल ठिपका असलेली कोळ्याची विषारी मादी बाहेर आली. ओपलच्या हनुवटीपासून दोन बोटांवर. नेरिसाने शंख कुठे भिरकावला ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्याच दुपारी, ओपल गाडीतल्या खुर्चीत झोपलेली असताना, तिने हातमोजे घालून कोपऱ्यातले सगळे शंख-शिंपले गोळा केले. दोन बादल्या भरल्या. घरी नेऊन ब्लीचच्या पाण्यात रात्रभर भिजवले, घासले, उन्हात वाळवले, आणि शनिवारी पुढच्या फाटकाजवळच्या फुलांच्या वाफ्याला त्यांची कड लावली. पांढरीशुभ्र, एकसारखी. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायला लागले. चर्चच्या पत्रकात 'आमच्या कष्टाळू स्वयंसेविकेने' वगैरे दोन ओळी आल्या. मिस अर्नेस्टीनना त्या महिन्यात खोकला झाला होता, त्या आल्याच नाहीत. नोव्हेंबरात घराच्या पायरीवरून पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, आणि शंखांचा विषय नेरिसाच्या डोक्यातून पार गेला.

तो परत आला जानेवारीत.

आवार समितीने ठरवलं, की मागचा कोपरा नुसताच पडून आहे, तिथे विटांची फरसबंदी करून छान चौक बांधावा. लग्नं होतात, मेजवान्यांना जागा नसते. समितीचे अध्यक्ष मिस्टर हॅलोवेल, निवृत्त वकील, रविवारी निळा कोट आणि ठिपक्यांचा बो घालणारे, अतिशय सभ्य माणूस. त्यांच्याकडे आवाराचा जुना नकाशा होता. त्यात त्या कोपऱ्यात एकही थडगं दाखवलेलं नव्हतं.

मिस अर्नेस्टीननी अंथरुणातून निरोप धाडला. तिथे माझी माणसं आहेत. पणजीची आई आहे. या चर्चच्या मोठ्या लोकांच्या घरी गुलाम होते, त्यांना मागच्या भिंतीशी पुरायचे, शिळा कोण घालणार त्यांना. नकाशा काढणाऱ्याने ते धरले नाहीत, पण शंख बघा, शंख म्हणजेच त्यांच्या शिळा.

नेरिसाने हे ऐकलं ते रविवारी प्रार्थनेनंतर, हातात चहाचा ग्लास धरून, आणि तो ग्लास तिने टेबलावर ठेवला तो टेबलाच्या बाहेरच.

काच गोळा करताना तिच्या मनात एकच होतं. कुणाला कळायच्या आत परत ठेवायचे. त्याच संध्याकाळी रोलंडला, म्हणजे नवऱ्याला, ओपलकडे बसवून ती आवारात गेली आणि वाफ्याच्या कडेचे सगळे शंख उचलून तिने मागच्या कोपऱ्यात मांडले. कसे होते ते आपल्याला आठवतं, असं तिला वाटत होतं. भिंतीला धरून होते, एवढं तिला नक्की आठवत होतं. मग भिंतीला धरून, एका ओळीत, हातभर अंतर सोडून तिने ते नीट लावले. पदवीच्या वर्षी प्रयोगशाळेत बशा लावायची, तसे.

मंगळवारी मिस्टर हॅलोवेल आवाराची राखण करणाऱ्या एझ्रा ग्रँटना घेऊन कोपऱ्यात आले. मिस्टर एझ्रा साठीचे. त्यांचा बाप आणि आजा दोघेही इथेच खड्डे खणायचे. त्यांच्याकडे एक लांब, बारीक लोखंडी सळई होती, वर आडवी मूठ असलेली. जमीन कधी खणली गेली असली तर तिथली माती शंभर-दोनशे वर्षांनीही भुसभुशीत राहते आणि सळई आत जाते. कधीच खणली नसेल तर गुडघ्याएवढी गेल्यावर अडते. मिस्टर एझ्रांनी एकेका शंखाशेजारी सळई टोचली. खट. पुढे खट. सगळीकडे खट.

"वीट लागतेय," ते म्हणाले.

"भिंतीचा पाया आहे," मिस्टर हॅलोवेल म्हणाले. "पायावर कुणी कुणाला पुरत नाही, एझ्रा. शंख शोभेचे असणार. मिस अर्नेस्टीनचा मी मान राखतो, पण वय झालंय त्यांचं. कुणीतरी त्यांना हळुवारपणे सांगायला हवं."

नेरिसा दहा पावलांवर कॅमेलिया छाटत उभी होती. तिने एक धडधाकट फांदी कापून टाकली.

त्या रात्री तिने रोलंडला सांगितलं. रोलंड बंदरावर क्रेन चालवतो. थोडं बोलतो.

"कुणी पाहिलं तुला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कुणाला कळणार नाही."

"नाही."

"तरी तू उद्या त्यांच्या घरी जाणार."

"हो."

"भेंडीचं सूप घेऊन जा," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने असलं काही सांगायला जाऊ नये."

मिस अर्नेस्टीन खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. पायावर गोधडी, बाजूला चार चाकांचा आधार, ज्याच्याकडे त्या शत्रूकडे बघावं तशा बघत होत्या. नेरिसाने सूपचं भांडं टेबलावर ठेवलं, ओपलला मांडीवर घट्ट धरलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कोळी, बादल्या, वाफा, सरळ ओळ, पाया.

मिस अर्नेस्टीननी गोधडीची कड सारखी केली. मग म्हणाल्या, "किती बादल्या?"

"दोन."

"आणि धुतलेस म्हणालीस."

"हो."

"कशाने?"

"ब्लीचने," नेरिसा म्हणाली.

"ब्लीचने," मिस अर्नेस्टीन खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दीडशे वर्षं माझ्या माणसांना कुणी टॉवेल नाही विचारला, आणि तू त्यांना आंघोळ घालून आलीस." त्यांचे खांदे हलायला लागले. नेरिसाला वाटलं रडतायत. बाई हसत होत्या. हसता हसता कमरेत कळ आली तशा थांबल्या, आणि मग खरंच डोळे पुसले. "ते हॅलोवेल काल फोनवर काय म्हणाले ठाऊक आहे? 'मिस अर्नेस्टीन, आठवणी कधीकधी आपल्याला फसवतात.' किती गोड बोलले. मी रात्रभर विचार करत पडले, की खरंच, माझ्या आजीने मला हाताला धरून दाखवलं होतं का मी स्वप्नात पाहिलं. तू शंख नेलेस ते एकवेळ जाऊ दे. तू माझं डोकं ठिकाणावर नाही असं मलाच वाटायला लावलंस. हे माफ करायला मला थोडे दिवस लागतील."

"हो," नेरिसा म्हणाली.

"सूपात मीठ कमी असेल."

"असेल."

"आण इकडे."

खाता खाता मिस अर्नेस्टीननी सांगितलं, की शंख भिंतीला धरून कधीच नव्हते. चर्चने आपल्या थडग्यांच्या रांगा रस्त्याला समांतर ठेवल्या, पण मागच्या माणसांना त्यांच्या माणसांनी पुरलं, ते पाय उगवतीकडे करून. म्हणजे तिरके. भिंतीपासून निघून बागेत शिरणारे. "डोळे मिटले की दिसतात मला," त्या म्हणाल्या. "पण खुर्चीत बसून बोटाने दाखवता येत नाहीत. आणि तुमचं सळईवालं प्रकरण हातभर चुकलं तरी खट म्हणणार. चौदा मार्चला त्यांची फेरी आहे ना?"

फेरीचा नियम ऑल मर्सीजचा, आणि फक्त त्यांचाच. आवारातल्या कशाबद्दलही चर्चच्या सभागृहात बसून मतदान करायचं नाही. झाड तोडायचं असो की बाक हलवायचा असो, समितीने पुढच्या फाटकापासून वाटेने चालत त्या जागेवर जायचं, आणि तिथे उभं राहून हात वर करायचे. चर्चमधल्या कुणालाही सोबत चालता येतं. बोलायचं ते त्या जागेवर पोचल्यावर.

नेरिसा घरी आली, आणि ओपलने सोफ्याखालून काढलेला मटारचा दाणा तिच्या तोंडातून बाहेर काढून तिने सवयीने त्याचा फोटो काढला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला.

ती सवय अशी. ओपल रांगायला लागल्यापासून तिने जे जे तोंडात घातलं किंवा घालायला घेतलं, त्याचा नेरिसाने फोटो काढला होता. वस्तू, आणि ती जिथे सापडली ती जागा, नीट दिसेल अशी. मग तो फोटो ग्रीनव्हिलला नर्स असलेल्या बहिणीला जायचा, 'हे विषारी आहे का' असं विचारत. बहीण आधी उत्तरं द्यायची, मग नुसती हसण्याची चित्रं पाठवायची, मग तेही बंद केलं. फोटो मात्र चालू राहिले. अकराशेच्या वर होते. रोलंड त्यांना 'ओपलचा जेवणाचा फळा' म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यातले चाळीस फोटो मागच्या कोपऱ्यातले निघाले.

मिस्टर एझ्रांना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी मागे सरकवून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे मी त्या मंगळवारी अर्धा तास पायाला गुदगुल्या करत होतो, आणि कॉलेजवाली तिकडे उभी राहून झाडाचा जीव घेत होती."

"हो, मिस्टर एझ्रा."

"बापाने मला पहिला धडा दिला होता, शंख हलवायचा नाही. मला वाटलं सगळ्यांनाच माहीत असतं. तुला कोण सांगणार म्हणा. तू बाहेरून आलेली."

"मला सांगितलं होतं," नेरिसा म्हणाली. "मी ऐकलं नाही."

मिस्टर एझ्रांनी तिचा फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "ही लोखंडी चकती दिसते का बघ."

कोपऱ्यामागे शेजारच्या घराची भिंत होती, आणि त्या भिंतीवर जुन्या भूकंपानंतर घर आवळून धरायला ठोकलेली गोल लोखंडी चकती होती. बहुतेक फोटोंत ती कुठेतरी यायचीच. कधी ओपलच्या कानामागे, कधी डोक्यावर टोपीसारखी. तीन शनिवार दोघं त्या चकतीपासून विटा मोजत बसले. एका फोटोत ओपल शंख चाटतेय, शंख चकतीच्या खाली सातव्या विटेसमोर, भिंतीपासून अडीच पावलं. दुसऱ्या फोटोत तोच शंख वरच्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापासून पाच फुटांवर, तिरका, दुसरा. ओपलचं पाऊल तेव्हा केवढं होतं हे नेरिसाला ठाऊक होतं, तेही फोटोत होतं, त्यावरून फूट काढता आला. पुस्तकात कुठे असलं गणित नव्हतं. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी आठ जोड्या मांडून झाल्या. एक शंख डोक्याशी, एक पायाशी, आणि आठही जोड्या भिंतीला पाठ करून उगवतीकडे तिरप्या झालेल्या, नावा किनाऱ्याला ओढून ठेवाव्यात तशा.

"टोचून बघू या?" नेरिसाने विचारलं.

"साहेबांच्या परवानगीशिवाय सळई काढत नाही मी," मिस्टर एझ्रा म्हणाले. "आणि काढली, आणि लागली, तर ते म्हणतील तुम्हीच माती उकरून ठेवलीत. सगळ्यांसमोर होऊ दे. पडलो तर सगळ्यांसमोर पडू."

चौदा मार्चला सकाळी दहाला पुढच्या फाटकाशी समितीचे सात जण जमले, आणि त्यांच्यामागे तीसेक माणसं. एवढी फेरीला कधी येत नाहीत. मिस अर्नेस्टीनना रोलंडने चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. डोक्यावर जांभळी हॅट, मांडीवर पर्स, तोंड एखाद्या न्यायाधीशासारखं. ओपल नेरिसाच्या कडेवर. तिच्या एका हातात उकडलेल्या शेंगांची पुडी होती, आणि नेरिसा प्रत्येक दाणा आधी स्वतः दोन भाग करून तिला देत होती.

फेरी हळू चालते. तसा नियम नाही, पण त्या वाटेवर कुणाला भरभर चालताच येत नाही. विटा मुळांनी उचललेल्या, वर कॅमेलियाच्या शेवटच्या फुलांचं ओझं. तापाने गेलेल्या तीन बहिणी, जहाजाचा कप्तान, अंगठ्याएवढं कोकरू कोरलेली एका लेकराची शिळा. नेरिसा नेहमी या वाटेने जायची, आणि नेहमी कण्हेर, पाणी, साप एवढंच मोजायची. आज तिचं तिकडे लक्षच नव्हतं. आज तिला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती गोष्ट वाटेच्या टोकाला मातीत होती किंवा नव्हती.

कोपऱ्यात पोचल्यावर मिस्टर हॅलोवेलनी कागद उघडला, फरसबंदीचा प्रस्ताव वाचला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला बोलायचंय?"

"मला," नेरिसा म्हणाली.

तिने ओपलला रोलंडकडे दिलं. आणि मग तीस माणसांसमोर, ज्यांनी पत्रकात तिचं कौतुक वाचलं होतं त्या सगळ्यांसमोर, तिने सांगितलं की शंख मी हलवले. मला हलवू नको म्हणून सांगितलेलं असताना हलवले. मग लपवण्यासाठी चुकीच्या जागी ठेवले, म्हणून जानेवारीत सळईला वीट लागली. मिस अर्नेस्टीनना काहीही चुकीचं आठवत नव्हतं. चूक माझी होती आणि नाव त्यांचं झालं. आता शंख फोटोंवरून जिथल्या तिथे ठेवले आहेत. मिस्टर एझ्रांनी पुन्हा एकदा बघावं, एवढीच विनंती आहे.

कुणीतरी मागे खाकरलं. मिस्टर हॅलोवेलनी चष्मा काढून पुसला आणि ते नेरिसाकडे वळले.

"मिसेस फ्रेझर, या जोड्या मांडायला तुम्हाला किती दिवस लागले?"

"तीन शनिवार."

"आणि त्या काळात इथे खणलेलं नाही?"

"हॅलोवेल," मिस अर्नेस्टीन खुर्चीतून म्हणाल्या, "पोरगी मुंगी दिसली तरी दवाखान्यात फोन करते. ती थडगं खणेल?"

माणसं हसली. मिस्टर हॅलोवेलही हसले, आणि त्यांनी मिस्टर एझ्रांना मान हलवून खूण केली.

मिस्टर एझ्रांनी पहिल्या जोडीच्या मधोमध सळई टेकवली आणि मुठीवर भार दिला. ती गुडघ्यापर्यंत गेली. तिथेच अडायची ती. मिस्टर एझ्रांनी पुन्हा भार दिला, आणि सळई गेली. लोण्यात सुरी जावी तशी, काही आवाज न करता, मुठीपर्यंत.

त्यांनी ती बाहेर काढली आणि दोन पावलं बाजूला, दोन जोड्यांच्या मधल्या जागेत टोचली. गुडघ्यावर अडली. दुसऱ्या जोडीत टोचली. मुठीपर्यंत. मधे अडली. तिसरीत मुठीपर्यंत. चौथ्या वेळी माणसांमधून कुणीतरी हळूच "चार" म्हणालं, पाचव्या वेळी दहा जण म्हणाले, आणि सातव्या वेळी मिस्टर हॅलोवेलसुद्धा म्हणत होते. आठ म्हटल्यावर टाळ्या वाजल्या. थडग्यांत टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला सुचलंच नाही.

"नऊ," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या.

सगळे वळले.

"मिस अर्नेस्टीन, फोटोंत आठच आहेत," नेरिसा खाली वाकून म्हणाली. आत्ता, सगळं जमून आल्यावर, बाईंनी एक जास्त सांगितलं तर सगळ्यावरच पाणी पडलं असतं. "सगळे फोटो पाहिलेत आम्ही."

"तुझ्या फोटोत नसेल. त्याच्यावरचा शिंपला मी लहान असतानाच फुटला होता." त्यांनी काठी उचलली. बोट नाही केलं, काठी केली. "ती तिसरी टिला. माझ्या पणजीची आई. तिच्या डाव्या कुशीशी बाळ आहे. आजी म्हणायची, इथे पाऊल जपून टाक, लहान आहे."

मिस्टर एझ्रांनी मिस्टर हॅलोवेलकडे बघितलं नाही. ते सरळ तिसऱ्या जोडीपाशी गेले. टिलाच्या आणि पुढच्या थडग्याच्या मधली जमीन त्यांनी आत्ताच टोचली होती, ती कडक निघाली होती. त्या छिद्रापासून त्यांनी वीतभर टिलाकडे सरकून सळई टेकवली. अडली. आणखी वीतभर, काठीचं टोक दाखवत होतं तिथे. भार दिला.

गेली. मुठीपर्यंत नाही, मांडीपर्यंत. मग थांबली. लहान खड्डा तेवढाच असतो.

मिस्टर एझ्रांनी सळई तशीच ठेवली आणि टोपी काढली. मग दुसऱ्या बारीक सळईने त्यांनी आजूबाजूला वीतवीतभर अंतरावर टोचून पाहिलं, पायाच्या बाजूला, डोक्याच्या बाजूला. मऊ जमीन लांबीला अडीच फूट भरली. बाकीची कडक.

नेरिसाने रोलंडकडून ओपलला परत घेतलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. ओपलने तिच्या गळ्यात शेंगांनी ओले झालेले हात टाकले.

मिस्टर हॅलोवेल खुर्चीसमोर आले. हॅट त्यांच्या हातात होती. "मिस अर्नेस्टीन," ते म्हणाले, "मी फोनवर जे बोललो ते मला परत घ्यायचंय."

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि मत द्या. मला उन्हात बसवून ठेवू नका."

फरसबंदीच्या बाजूने एकही हात वर गेला नाही. कोपरा आहे तसा ठेवायचा, नकाशात नऊ थडगी भरायची, यासाठी सात हात गेले, पहिला मिस्टर हॅलोवेलचा. मतदान समितीचंच असतं, तरी मागच्या तिसांनीही हात वर केले, रोलंडने केला, आणि आई बघतेय म्हणून ओपलनेही शेंगांसकट केला. मिस अर्नेस्टीननी आपल्याला माहीत होती ती तीन नावं मोठ्याने सांगितली. टिला. स्किपिओ. म्हातारा कफी. चर्चच्या सचिवबाईंनी ती तिथल्या तिथे, पर्सवर कागद टेकवून, नकाशावर लिहिली. बाकीच्या पाचांपुढे रेघ ओढली. बाळापुढेही. तिथे त्यांनी 'टिलाचं' एवढं लिहिलं.

मग सगळे सभागृहात जेवायला गेले. लाल भात होता, कोळंबी होती, तिळाच्या चकत्या होत्या, आणि लोकांचा आवाज लग्नासारखा वाढलेला होता. नेरिसा मिस अर्नेस्टीनपुढे ताट धरून उभी राहिली.

"झाले का थोडे दिवस?" तिने विचारलं.

"कसले?"

"माफ करायला लागणार होते ते."

मिस अर्नेस्टीननी चकती मोडून अर्धी ओपलच्या हातात दिली. नेरिसाने ती बघितली, तीळ घशात अडकतील का याचा विचार केला, आणि ती ओपलला खाऊ दिली.

"आता तू बाहेरून आलेली नाहीस," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "इथलीही नाहीस. मधे कुठेतरी आहेस. तिथेच बस जरा."

ऑल मर्सीजच्या पुढच्या फाटकाशी एक लाकडी पेटी आहे. तीत फिरायला येणाऱ्यांसाठी छापील कागद असतात. कुठलं झाड कोणतं, कुठली शिळा किती जुनी. त्या कागदाची मागची बाजू एप्रिलपासून नेरिसाने लिहिलेली आहे. मागच्या कोपऱ्यातल्या नऊ जणांबद्दल सहा ओळी, शंखांना हात लावू नका अशी एक ओळ, आणि त्याखाली हे:

'तुम्ही मंगळवारी किंवा शनिवारी दहानंतर आला असाल, तर कोपऱ्याजवळच्या बाकावर जांभळी हॅट घातलेल्या मिस अर्नेस्टीन मझीक दिसतील. त्या चार चाकांचा आधार ढकलत घरून एकट्या चालत येतात. येऊ नका म्हणून सांगून झालं आहे. मला त्या दिवशी पोचायला साडेअकरा होतात. तोवर कृपा करून, वाटेने पुढे गेलात की त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांबा आणि पाणी प्यायल्या का ते विचारा. त्या हो म्हणतील. बाटली बाकाखाली असते. उचलून बघा.'